रत्नागिरीच्या तोतयामागे कोकण कसं गेलं?

तुम्ही विचारलंय की सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडले हे सगळ्यांना ठाऊक असताना पंधरा वर्षांनी लोक 'मीच भाऊ' म्हणणाऱ्या एका तोतयाला भुलले कसे. गोम त्या 'ठाऊक' शब्दातच आहे. भाऊंना पडताना पाहिलेला माणूस पुण्यात आला नव्हता. रणात मिळालं ते बिनशिराचं धड, अंगावरच्या खुणांवरून ओळखलेलं. घरात पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलंच नाही. खुद्द बायको कुंकू लावते म्हटल्यावर गावकऱ्याने शंका कशी घ्यायची?

तोतयाचं नाव सुखलाल, उत्तरेकडचा कनोजा ब्राह्मण. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात तो पकडला गेला, चौकशीत उघडा पडला, पण त्याला मारलं नाही. या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर असं करत शेवटी रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवलं. माझ्या मते सरकारची खरी चूक ही. साध्या लफंग्याला कुणी वर्षानुवर्षं किल्ल्यात जपून ठेवत नाही, मग हा कुणीतरी मोठा असणार, असंच लोक म्हणणार. शिवाय खरे भाऊ असते तर १७७६ साली पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांचे असते. तिशीत पाहिलेला चेहरा तेवढ्या वर्षांत बदलतोच, त्यामुळे 'हे तसे दिसत नाहीत' या आक्षेपात दम उरत नाही.

तरी नुसत्या बतावणीने बंड होत नाही. ते झालं रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याच्यामुळे. १७७६ च्या सुरुवातीला त्याने कैद्याला बाहेर काढलं आणि भाऊसाहेब म्हणून पुढे केलं. नाइकाला ते खरंच पटलं होतं की हा त्याचा डाव होता, यावर वाद घाला हवा तेवढा. परिणाम एकच: तोतयाच्या हाती किल्ला, शिबंदी म्हणजे तिथली फौज आणि सरकारी शिक्का एकदम आला. गावचा खोत किंवा दुसरा किल्लेदार शिक्का बघतो, चेहरा नाही.

वेळही सोयीची होती. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ चा, नवे पेशवे सवाई माधवराव दोन वर्षांचे, त्यांच्या नावाने कारभार पाहणारे बारभाई हे पेशवेपदावर डोळा ठेवून असलेला राघोबा आणि इंग्रज यांच्या भानगडीत गुंतलेले. त्यात मृग लागला की घाट बंद. वरून मोठी फौज उतरवायची तर पाऊस सरेपर्यंत थांबा. तेवढ्यात कोकणातले बरेच किल्ले तोतयाकडे गेले.

फसला तो घाट चढल्यावर. पावसाळा सरल्यावर बोरघाटातून वर राजमाचीकडे सरकला, तिथे महादजी शिंद्यांच्या फौजेने त्याला मोडलं. हौसेने जमलेली माणसं पहिल्या दणक्यातच पांगली. तोतया खाली किनाऱ्याकडे पळाला, होडीत बसून इंग्रजांच्या आसऱ्याला निघाला. पण कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्याला धरून पुण्याच्या हवाली केलं. डिसेंबर १७७६ मध्ये त्याला पुण्यात देहदंड झाला. या वेळी किल्ल्यात ठेवायची चूक कुणी केली नाही.