गाडी कुर्ल्याची, इंजिनही कुर्ल्याचं, पण आरसी बुकाचं काय?

मिरजेहून एका वाचकाचा लांबलचक मेसेज आलाय, थोडक्यात सांगतो. वडिलांची १९६९ ची फियाट ११०० डिलाईट. वडील २०१४ ला गेले, गाडी त्याच्याही आधीपासून पत्र्याच्या शेडमध्ये उभी, आरसी बुक अजून वडिलांच्याच नावावर आणि शेवटचं रिन्यूअल २००९ पर्यंतचं. हे वाचक दादा गेली तीन वर्षं घरीच रिस्टोअर करतायत, पत्रा झालाय, सीट झाल्यात. आता त्यांनी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मारुती एस्टीमचं १३०० सीसीचं इंजिन गिअरबॉक्ससकट ३५ हजाराला आणलंय, बिल नाही. मूळ इंजिन खोलून मेकॅनिककडे पडलंय, खोलायची चार हजार मजुरी द्यायची राहिलीये, आणि तो म्हणतो १२ हजार घ्या आणि इंजिन मलाच सोडा. रंग मिलिटरी ग्रीन मारायचाय, नंबर विंटेजचा 'व्हीए' वाला घ्यायचाय, रविवारी नरसोबाच्या वाडीला चक्कर मारायचीये आणि लग्नसराईत गाडी भाड्यानेही द्यायचीये. मेव्हणे म्हणतात कोण बघतंय एवढं. दादांचा प्रश्न, हे सगळं कायदेशीर बसवायचं कसं.

दादा, सगळं नाही बसणार. पण गाडी वाचेल, आधी ते १२ हजार नाकारा आणि मेकॅनिकचे चार हजार आजच देऊन इंजिन घरी आणा, ब्लॉक, हेड, क्रँक, सगळं, नट-बोल्टच्या डब्यासकट. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे मजुरी मिळेपर्यंत त्याला माल अडवून ठेवता येतो, पण विकता येत नाही, त्यामुळे पैसे ऑनलाईन द्या म्हणजे पुरावा राहील. त्याने जर आधीच विकलं असेल तर मला परत लिहा, तो वेगळा विषय आहे.

आता इंजिनसाठी एवढा आटापिटा का ते सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की मूळ कंपनीने जे स्पेसिफिकेशन दिलंय आणि जे आरसीवर चढलंय, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हे अगदी स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली त्यात कलम १८२-अ आलं, बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० दंड किंवा दोन्ही. दर बदलामागे, हे नीट वाचा.

मग कुठला बदल चालतो आणि कुठला नाही? मी सगळ्यांना एकच सांगतो, आरसी बुक उघडा आणि त्यात काय लिहिलंय ते बघा. इंजिन नंबर, चासी नंबर, सीसी, सिलेंडर किती, इंधन, बॉडीचा प्रकार, सीट किती, रंग. यातल्या कशालाही हात लावायचा असेल तर आधी आरटीओ, मग पाना. सीटचं कापड, क्रोमचं काम, ब्रेकची दुरुस्ती, वायरिंग नवं, डायनॅमो काढून अल्टरनेटर, यातलं काही आरसीवर नसतं, त्यासाठी तुमच्यामागे कुणी लागणार नाही. एस्टीमचं इंजिन मात्र दुसऱ्या कंपनीचं, सीसी वेगळी, नंबर वेगळा, त्यात तुम्ही चासीवर नवीन माउंटिंग वेल्ड करणार म्हणजे तिथेही कापाकापी आली. रंग बदलायला हरकत नाही, आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची, पण मिलिटरी ग्रीन नाही. केंद्रीय नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण दलाच्या गाड्यांसाठीच राखीव आहे. तसंही डिलाईटला तो शोभत नाही हे माझं वैयक्तिक मत, जीपला शोभतो.

आता व्हीए नंबर. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी, ती विंटेज. तुमची वयात बसते, पण एस्टीमचं इंजिन बसवलंत की त्याच क्षणी बाहेर. म्हणजे तुमच्या दोन इच्छा एकमेकींच्या मुळावर आल्यात, आणि हे लोकांना कळतं कधी तर विंटेज नोंदणीची कमिटी गाडी बघायला येते तेव्हा, तोपर्यंत मूळ इंजिन कुठल्यातरी भट्टीत गेलेलं असतं. गाडीच्या तळाचा गंजलेला पत्रा कापून तशाच मापाचा पत्रा लावणं याला मी तरी दुरुस्ती म्हणेन, बदल नाही, पण आधीचे-नंतरचे फोटो तारखेसकट ठेवा, वाद झाला तर तेवढंच हातात असतं.

आणि खरं सांगू का, व्हीए नंबर तुम्हाला नकोच आहे. नवीन विंटेज नोंदणीला २० हजार फी, दहा वर्षांची मुदत, हे ठीक, पण ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, विंटेज रॅली, त्यांना जाणं-येणं, पेट्रोल भरणं, मेंटेनन्स, एवढंच. नरसोबाची वाडी ही रॅली नाही. तुमच्याकडे जुनं आरसी बुक आहे, वडिलांचा तीन अक्षरांचा जुना नंबर आहे, तेच साधं रजिस्ट्रेशन रिन्यू करा, पाच वर्षांसाठी मिळतं, नंबर तोच राहतो आणि रविवारी कुठेही जा.

पण रिन्यू कुणाच्या नावाने? इथे तुम्ही एक गोष्ट मेसेजमध्ये सहज लिहून गेलात, की आई आहे आणि एक बहीण पुण्याला असते. दादा, गाडी तुमची एकट्याची नाहीये. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याने आई, बहीण आणि तुम्ही, तिघांचा सारखा हिस्सा, खर्च कुणीही केलेला असो. आज कुणाला काही वाटत नाही, पण रिस्टोअर झालेल्या डिलाईटला गिऱ्हाईक यायला लागलं की वाटायला लागतं, मी बघितलंय. दोघींची हरकत नसल्याची नोटराइज्ड प्रतिज्ञापत्रं घ्या, मृत्यूचा दाखला, फॉर्म ३१, जुनं आरसी, हे घेऊन वारस म्हणून ट्रान्सफरला अर्ज करा. मुदत तीन महिन्यांची होती, तुम्हाला दहा वर्षांहून जास्त झाली, उशिराचा भुर्दंड पडेल पण दार बंद झालेलं नाही. जुन्या बुकवाल्या गाड्या बऱ्याचदा सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर दिसतच नाहीत, त्यामुळे आरटीओत पहिलं काम बॅकलॉग एन्ट्रीचं, म्हणजे जुन्या बुकातली माहिती पोर्टलवर चढवून घ्यायचं, ती झाल्याशिवाय ऑनलाईन एकही अर्ज पुढे सरकणार नाही आणि एजंट तुम्हाला चकरा मारायला लावेल.

मग फॉर्म २५ वर रिन्यूअल आणि गाडीची तपासणी. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला रिन्यूअल फी १० हजार केलीये, वर उशिराचं जादा शुल्क आणि आपल्या राज्याचा पर्यावरण कर. सगळा हिशोब लेखी मागा आणि पावती घेतल्याशिवाय रुपया देऊ नका. तपासणीला गाडी चालवत नेऊ नका हां, टोइंगवाल्याच्या गाडीवर चढवून न्या. रजिस्ट्रेशन संपलेली गाडी रस्त्यावर सापडली तर कलम १९२ खाली पहिल्याच वेळी दोन ते पाच हजार दंड आहे, विमा नसेल तर त्याचा वेगळा.

मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा. नाक्यावरचा हवालदार बॉनेट उघडून इंजिन नंबर बघणार नाही हे त्यांचं बरोबर आहे, उलट तो गाडीसोबत सेल्फी काढेल. बघतो कोण, तर अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर. देव करो आणि तशी वेळ न येवो, पण गाडीखाली कुणी आलं तर अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलमध्ये कंपनीचा पहिला मुद्दा हाच असतो की आरसीवर एक इंजिन आणि गाडीत दुसरं, आणि कोर्टाने कंपनीला भरपाई द्यायला लावली तरी ती मालकाकडून वसूल करायची मुभा मिळू शकते. तेव्हा तुमचं मिरजेचं घर आणि ती भरपाई एका कागदावर येतात.

मग इंजिनचं करायचं काय? मूळचंच बांधा. तुमचा १०८९ सीसीचा ब्लॉक तडकलेला नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात रिबोअर करून (झिजलेले सिलेंडर पुन्हा घासून), स्लीव्ह म्हणजे आतून नवी नळी घालून देणारे लोक आहेत, तुम्हाला दीड तासावर. ब्लॉक खरंच गेला असेल तर पद्मिनीचं पेट्रोल इंजिन शोधा, डिलाईट, प्रेसिडेंट, पद्मिनी ही एकाच घरातली भावंडं, सीसी तीच, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअरने कुर्ल्यातच बनवलेली. पण बिल, विकणाऱ्याचं आरसी, आरटीओची परवानगी आणि नवा नंबर आरसीवर चढणं, या क्रमानेच.

लग्नाच्या भाड्याचा विचार सोडा. खाजगी नंबरवर भाडं घेतलं की परमिटशिवाय धंदा झाला, कलम १९२-अ, त्यात कैदही आहे. भाच्याच्या लग्नात फुकट चालवा, हारांनी मढवा, कोण काय म्हणणार नाही.

शेडमधल्या पेट्रोलबद्दलही विचारलंय. घरच्या वापराला ३० लिटरपर्यंत लायसन्स लागत नाही, पण पत्र्याचा कॅन २५ लिटरच्या वरचा नको, काचेची बाटली लिटरच्या वर नको, आणि वेल्डिंग चालू असताना दोन्ही शेडच्या बाहेर.

राहिलं ते एस्टीमचं इंजिन. बिल नाही म्हणजे ते कुठल्या गाडीतून निघालं हे तुम्हाला माहीत नाही, आणि चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस पहिला प्रश्न तुम्हाला विचारणार. इंजिन नंबरचा फोटो काढा, एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) चोरीच्या गाड्या शोधायच्या 'वाहन समन्वय' सेवेत तो नंबर टाकून बघा, ज्याच्याकडून घेतलं त्याला पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि बिल मागत राहा, लेखी, व्हॉट्सॲपवर चालेल. बिल येईपर्यंत ते गाडीत बसवू नका आणि दुसऱ्या कुणाला विकूही नका.