मी ३३ वर्षांचा पाळक (पास्टर) आहे, पत्नी शिक्षिका, दोन लहान मुलं. चर्चची मंडळी आणि घर सांभाळून भारतीय सैन्यात पाद्री होण्याची तयारी कशी करू?

तयारी म्हटलं की धावणं आणि अभ्यास आठवतो, पण सुरुवात बिशपांच्या कार्यालयापासून करा. सैन्यातलं पद 'ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर (रिलिजस टीचर)', हुद्दा नायब सुभेदार. पाद्रीसाठीची अट अशी: योग्य धर्माधिकाऱ्याकडून दीक्षा झालेली हवी आणि स्थानिक बिशपांच्या मान्य यादीत तुमचं नाव आजही हवं. तुम्ही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्ट असाल तर हा कागद निघतो, वेळ लागला तरी निघतो. स्वतंत्र मंडळीत, वरिष्ठ पाळकांनी हात ठेवून दीक्षा दिली असेल तर बिशप आणायचे कुठून, हा प्रश्न अर्ज भरायच्या आधी सोडवा. बरेच जण इथेच अडकतात, तेही धावून-पळून झाल्यावर.

दुसरा कागद पदवीचा. कोणत्याही शाखेची चालते, पण विद्यापीठ मान्यताप्राप्त हवं. बायबल कॉलेजचा नुसता डिप्लोमा पदवीच्या जागी धरला जाईल असं समजू नका. बीए, बीकॉम वेगळं झालेलं असेल तर तेच पुढे करा.

वय: २०२२ च्या जाहिरातीत मर्यादा २५ ते ३६ होती, त्याआधी ३४ सुद्धा होती. म्हणजे तुमच्याकडे एक, फार तर दोन संधी. आणि जागा? त्याच २०२२ च्या भरतीत एकूण १२८ पदं होती, त्यांत पाद्रींची फक्त २. म्हणून मंडळीचा राजीनामा आधी देऊ नका. रुजू होण्याचं पत्र हातात येईपर्यंत पाळकनिवासाची किल्ली सोडायची नाही. प्रशिक्षणाच्या काळात कुटुंब सोबत नेता येत नाही आणि पाळकनिवास गेला की पत्नी-मुलांना भाड्याचं घर शोधावं लागतं. पास्टोरेट कमिटीला (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीला) मात्र अंधारात ठेवू नका. बिशपांकडे पत्र मागितलं की बातमी गावभर होतेच, ती तुमच्याच तोंडून कळलेली बरी.

शारीरिक चाचणी बाऊ करण्यासारखी नाही. १६०० मीटर ८ मिनिटांत, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, प्रत्येकी दोन मिनिटं. उंची १६० सेंमी, छाती ७७ सेंमी आणि फुगवून ५ सेंमी जास्त, वजन ५० किलो. बसून काम करणाऱ्या तिशीतल्या माणसाला यासाठी दहा-बारा आठवडे पुरतात. पहिले तीन आठवडे चालणं आणि हलकं धावणं आलटून पालटून, आठवड्यातून चार दिवस. मग दोन दिवस सलग अडीच-तीन किलोमीटर सावकाश आणि एक दिवस ४०० मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. ही विश्रांती हळूहळू कमी करत शून्यावर आणायची. पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावून जीव तोडून धावलं की नडगी दुखते आणि महिना वाया जातो. वेळ पहाटेचीच ठेवा, कारण संध्याकाळ घरभेटी आणि प्रार्थनासभा खातात. रविवारी धावू नका, तीन उपासना उभ्यानं घेतल्यावर पाय तसेही थकलेले असतात. लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासकाळात) उपास करत असाल तर त्या दिवशी फक्त चाला. आणि घरोघरचा साखरेचा चहा! दिवसाला आठ कप सहज होतात. नाही म्हणायला आत्ताच शिका.

वैद्यकीय तपासणीत दात, कान, डोळे, रक्तदाब पाहतात. गोंदणाचा नियम कडक आहे: कायमचं गोंदण फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा तळहाताच्या मागे चालतं. दंडावर क्रूस असेल तर नियम आधी वाचा.

लेखी परीक्षेचे दोन पेपर, प्रत्येकी ५० प्रश्न, १०० गुण, उत्तीर्ण व्हायला ४०. पहिला सामान्य ज्ञानाचा, दुसरा आपल्या धर्माचा. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण जातो. पाळक लोक दुसरा पेपर गृहीत धरतात आणि पहिल्यात पडतात. रोज पाऊण तास चालू घडामोडी, भूगोल, संविधान करा. शिवाय अख्खी उपासना, प्रभुभोजनाच्या विधीसकट, हिंदीत घ्यायचा सराव हवा. मिझो, नागा, तमिळ, झारखंडचे आदिवासी असे जवान समोर असतील, मराठी गीतं तिथे चालणार नाहीत.

निवड झाल्यावर धर्मगुरूंचं प्रशिक्षण पुण्यात, इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये होतं. नंतरचं काम फक्त उपदेशाचं नाही: अंत्यविधी, रुग्णालयातल्या आजाऱ्यांना भेटणं, शिक्षा भोगणाऱ्या जवानांना भेटणं, मुलांना धर्मशिक्षण. इतरांना ख्रिस्ताकडे वळवणं हे त्यात नाही. सर्वधर्मस्थळात पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्याबरोबर उभं राहावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती लेफ्टनंटची बडतर्फी कायम ठेवली. रेजिमेंटच्या धार्मिक परेडला गाभाऱ्यात जायला त्यांनी नकार दिला होता. ते धर्मगुरू नव्हते, पण त्या प्रसंगी तुम्ही काय कराल हे पत्नीशी आणि बिशपांशी आत्ताच बोला. तुमचं उत्तर 'जमणार नाही' असेल, तर अर्ज करू नका. तसं ठरवण्यात काही कमीपणा नाही.

पैशाचं: नायब सुभेदार सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ६ मध्ये येतो, मूळ वेतन ३५,४०० पासून, वर ५,२०० मिलिटरी सर्व्हिस पे आणि भत्ते. बहुतेक पाळकांच्या मानधनापेक्षा हे बरंच जास्त आहे. पण परदेशातून कोणी तुमच्या सेवेला मदत पाठवत असेल तर ती थांबवावी लागेल, विदेशी योगदान कायद्याच्या कलम ३ नुसार सरकारी नोकराला ती घेता येत नाही. यूट्यूबवरची प्रवचनं, राजकीय सभेतली प्रार्थना यांवरही सैन्याचे नियम लागू होतात.

घराचं सांगायचं तर वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा असते. मात्र नाताळ आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे तुमचे कामाचे दिवस, त्या वेळी घरी येणं विसरा. फील्ड पोस्टिंगला कुटुंब नेता येत नाही. पत्नीची नोकरी अनुदानित शाळेत असेल तर ती सोडू नका. निदान पहिली पोस्टिंग कळेपर्यंत मुलांची शाळाही बदलू नका. केंद्रीय विद्यालयात सैनिकांच्या मुलांना प्राधान्य असतं.