चर्चच्या आत जायला मिळणार का, हे आधी विचारा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. तुम्ही दोघं अमळनेरहून निघणार, मुलगी बर्गनला नोकरीला आहे, नॉर्वेतली जुनी लाकडी चर्चं आतून बघायची आहेत. बुकिंगवाले म्हणतात, जूनऐवजी ऑक्टोबर धरा, बरेच पैसे वाचतील, चर्च काय तेव्हाही तिथंच असणार. आम्हालाही नेमकं हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

ऑक्टोबर घेऊ नका. बाकीचं सगळं यानंतर.

मी धुळ्याचा. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवण्यात नोकरी गेली, त्यामुळे लाकूड हा माझा जिव्हाळ्याचा विषय. व्हिसा, विमा, चलन यात शिरत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं आणि मुलगी तिथंच आहे म्हणजे ती बघेल. मी फक्त चर्चविषयी बोलतो.

अशा चर्चला तिकडे स्टावकिर्के म्हणतात. मध्ययुगात नॉर्वेत ती शेकड्यांनी होती, आज २८ उरली आहेत. त्यातलं उर्नेसचं चर्च बांधलं गेलं ११३० च्या सुमारास. १९७९ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. आम्हाला तेच बघायचं होतं. सहलवाल्यांच्या ऑफिसला मी लेखी विचारलं होतं, की या तारखांना आत जायला मिळेल का? व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, 'हो सर, आतून व्यवस्थित बघता येईल.' त्या भरवशावर पैसे भरले. प्रत्यक्षात उर्नेसचं चर्च पर्यटकांसाठी साधारण मे ते सप्टेंबर उघडं असतं, आणि आत जायचं ते गाईडबरोबरच. आम्ही पोहोचलो तर दाराला कुलूप. ड्रायव्हरने तिथूनच फोन लावला, तर पलीकडून उत्तर आलं की आत जाण्याचं ठरलंच नव्हतं. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, 'आते काय करानं?' काय सांगणार? भिंतीबाहेरून जे दिसलं ते बघितलं आणि परत फिरलो.

बाहेरून दिसतं तेही थोडंथोडकं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. उत्तरेकडच्या भिंतीत जुनं प्रवेशद्वार आणि फळ्या बसवल्या आहेत. त्या याच जागेवरच्या आधीच्या, अकराव्या शतकातल्या चर्चच्या आहेत, नवं बांधताना पुन्हा वापरलेल्या. चार पायांचा एक प्राणी, आणि त्याच्याभोवती वेटोळे घालणारे, एकमेकांना चावणारे सडपातळ साप. कोरीवकाम इतकं खोल आणि गोलाईदार, की फळी सपाट होती हेच विसरायला होतं. एक वेटोळं दुसऱ्याच्या खालून जातं, वर येतं, आणि कुठंही जाडी चुकलेली नाही. पटाशी हातात धरलेल्या माणसालाच कळेल की एक घाव जास्त बसला असता तर अख्खी फळी वाया गेली असती. कलेच्या इतिहासात या शैलीला या गावाचंच नाव आहे.

पण तुम्ही जाणार आहात ते आतलं बघायला, आणि ते आम्हाला नंतर स्वतः सगळं ठरवून जूनमध्ये गेलो तेव्हाच बघायला मिळालं. आत गोल खांब आहेत, अखंड झाडाचे, तासून गुळगुळीत केलेले. त्यांच्या माथ्यावर चौकोनी ठोकळे आणि त्यांवर प्राणी, पक्षी, वेलबुट्टी. युरोपातल्या दगडी चर्चमध्ये खांबांचे माथे जसे घडवतात तोच आकार इथं लाकडात उतरवलाय. खांबांच्या मध्ये कमानी आहेत, त्याही लाकडी. वेदीवर फ्रान्समधल्या लिमोज गावची मिनाकामाची मेणबत्तीदानं आहेत, तीही मध्ययुगातली. गाईड दाखवेलच, पण घाईत असेल तर तुम्ही विचारा.

बोर्गुंडचं चर्च वेगळं. ते ११८० च्या सुमाराचं, आणि नंतरच्या काळात त्यात फारशी भर पडली नाही. १८६८ साली शेजारी नवं चर्च झालं, उपासना तिकडे गेली, आणि १८७७ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने हे ताब्यात घेतलं. आत काळोखच असतो. उजेड येतो तो वर, उंचावर असलेल्या छोट्या गोल भोकांतून. आत शिरल्यावर लगेच फिरू नका, भिंतीशी पाच मिनिटं उभे राहा. आधी फक्त काळोख दिसतो, मग हळूहळू खांब, मग खांबांना दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या आडव्या तुळया, मग त्यांच्यामधले फुलीसारखे तिरपे आधार. लहान दुर्बीण असेल तर न्या. माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा तिचा उपयोग जास्त.

एक गोष्ट मुद्दाम बघा. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं कोपऱ्यात बाक असलेला लाकडी आधार दिसेल. तो सरळ फळीतून कापलेला नाही. झाडाचं खोड जिथं मुळाकडे किंवा फांदीकडे वळतं, तिथला नैसर्गिक बाक शोधून तो तुकडा घेतात. त्यामुळे लाकडातल्या रेषा आधाराच्या बाकाबरोबर वळतात आणि तो चिरत नाही. सरळ फळीतून काढला असता तर रेषा मध्येच तुटल्या असत्या आणि वजन आलं की तिथंच तडकला असता. विद्यार्थ्यांना हे फळ्यावर कितीदा काढून दाखवलं, पण साडेआठशे वर्षं वजन पेलून उभं असलेलं तिथं बघितलं. हात लावायला मनाई आहे, ती पाळा.

आणि हे टिकलं कसं, तेही बघण्यासारखं. त्याआधीच्या चर्चमध्ये खांब सरळ जमिनीत गाडायचे, ते खालून कुजायचे. मग कारागिरांनी दगडांवर आडवी जाड लाकडं मांडली आणि खांब त्यांवर उभे केले. आपल्या धाब्याच्या घरात सागवानी खांब तळखड्यावर उभा असतो, तेच शहाणपण. बाहेरून पाइनच्या झाडापासून काढलेलं डांबर लावतात, आणि ते आजही पुन्हा पुन्हा लावावं लागतं. उन्हाच्या दिवशी त्याचा वास आवारात शिरताच येतो.

आता थोडं संतापाचं. परत आल्यावर त्या ऑफिसच्या इतक्या पायऱ्या चढलो की विचारू नका. एकाने सांगितलं, मॅनेजर सुट्टीवर आहेत. दुसऱ्याने सांगितलं, चर्च बंद ठेवणं हा तिकडच्या लोकांचा निर्णय, आम्ही काय करणार. अहो, पण उघडं असेल असं लिहून कोणी दिलं? वेळापत्रक उघडपणे दिलेलं असतं, ते बघायला पाच मिनिटं लागतात. ज्याला आपण पैसे देतो त्याने ती पाच मिनिटं काढायची नाहीत, आणि म्हातारपणी साठवून केलेली सहल वाया गेली तर खांदे उडवायचे, हे मला अजूनही सहन होत नाही. शेवटी लेखी नोटीस पाठवली तेव्हा रकमेचा काही भाग परत आला.

मी वकील नाही, पण कोणाला लागलंच तर सांगून ठेवतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर बोला. आणि व्हॉट्सॲपचे संदेश पुसू नका, माझ्या उपयोगी तेच पडले.

तर क्रम असा ठेवा. चर्च सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या वर्षाच्या तारखा आणि वेळा मुलीला वाचायला सांगा, दर वर्षी थोडा फरक पडू शकतो. त्यातून दोन दिवस नक्की करा, मग विमान, मग हॉटेल. ऑफिसकडूनच घेणार असाल तर 'आत प्रवेश, अमुक तारखेला, तिकिटासह' असं कागदावर घ्या. तोंडी काही नको.

उर्नेसला जायला सोल्वोर्न गावातून छोटी बोट आहे, वीसेक मिनिटांची. उतरल्यावर चर्चपर्यंत चढ आहे, चालत पंधरा-वीस मिनिटं. साहेबांचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय म्हणून सांगितलं, सावकाश चढले तर जमेल, पण शेवटच्या फेरीला जाऊ नका. बोर्गुंड सोपं आहे, फ्लोम गावाकडून लेर्दालच्या बोगद्यातून गाडीने जाता येतं. साडेचोवीस किलोमीटरचा बोगदा आहे तो, बंदिस्त जागेची भीती असेल तर आधीच मनाची तयारी करा.

बर्गनमध्ये कोणीतरी तुम्हाला फान्टोफ्टच्या लाकडी चर्चला नेईलच. जरूर जा, पण ते १९९२ मध्ये जळालं आणि १९९७ मध्ये पुन्हा उभं राहिलं, हे माहीत असू द्या. सांधे कसे बसवतात ते तिथं छान समजतं, जुन्या लाकडाचं समाधान मात्र मिळत नाही.

पावसाळी कोट दोघांसाठीही घ्या, बर्गनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो. आणि मुलीसाठी तूप, पेढे नेऊ नका, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला तिथं परवानगी नाही. बिबडे न्या, वजनाला हलके असतात.

गुडघ्यांमुळे उर्नेस अगदीच जमणार नसेल तर ऑस्लोला बिग्दोयच्या लोकजीवन संग्रहालयात 'गोल' (Gol) नावाच्या गावचं असंच लाकडी चर्च आहे. १८८० च्या दशकात ते मूळ गावातून हलवून तिथं उभारलं. बाहेरचा बराच भाग तेव्हा बोर्गुंडच्या धर्तीवर नव्याने केलाय, पण आतला मुख्य सांगाडा जुना आहे आणि चढ फारसा नाही. तरी पहिला प्रयत्न उर्नेसचाच करा, आणि तारखा ठरल्या की इथं लिहा. बोटीच्या वेळा जुळतात का ते मीही बघून सांगेन.