बारीक व्हॉल्व्ह जोडायला रोबोट घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा, की महापे एमआयडीसीत बाराजणी भिंगाखाली छोटे मेडिकल व्हॉल्व्ह जोडतात, रोबोटवाला ±०.०१ मिलिमीटर सांगतोय, तर घ्यावा का? मी रबाळ्यात असलीच मशीनं बसवतो. घ्या, पण आधी तुमचे सुटे भाग मापून बघा.

तो आकडा खोटा नाही, पण तो रिपीटेबिलिटीचा. हात पुन्हा पुन्हा त्याच जागी जाईल. ती जागा बरोबर आहे का, हे कॅमेरा आणि फिक्स्चर (भाग घट्ट धरून ठेवणारा साचा) ठरवणार. तुम्हाला बहुधा स्कारा जातीचा रोबोट हात दाखवला असेल. जपानात हिरोशी माकिनो यांनी १९७८ च्या सुमारास तो जोडणीसाठीच काढला: आडवा थोडा लवतो, उभा ताठ राहतो, त्यामुळे वरून भाग दाबून बसवायला छान.

आमची फजिती केली ती चार मिलिमीटरच्या सिलिकॉन चकतीने. बाउल फीडरमधून, म्हणजे थरथरून भाग रांगेत पुढे पाठवणाऱ्या वाडग्यातून, एकेक यायच्या ऐवजी जोडीजोडीने चिकटून यायची. पावडर मारायची सोय नाही, माल रुग्णाच्या नळीत जाणार. हवेने ओढून धरणारा नोझल चकती उचलायचा, पण सोडेना. एवढ्या हलक्या वस्तूला वजनापेक्षा चिकटपणाच भारी. मग सोडताना हवेची उलटी फुंकर दिली. ती जरा जास्त झाली की चकती गायब, आणि आम्ही टॉर्च घेऊन टेबलाखाली.

तरी मशीन मध्येच अडायचं. शेवटी लाइनवरच्या ताईंना विचारलं. "तीन नंबरचं हाउसिंग तिरकंच येतं, आम्ही ते बाजूला टाकतो." हाउसिंग म्हणजे व्हॉल्व्हचं बाहेरचं कवच. ते उलटं करून पाहिलं, तर तळाशी बारीक ३ कोरलेला. साच्यात आठ कॅव्हिटी, म्हणजे एका दमात आठ कवचं पाडणारे खळगे, त्यातली एक बिघडलेली, आणि हे एकाही कागदावर नाही! इतकी वर्षं त्यांची बोटं ते सांभाळून घेत होती. साचा दुरुस्त केला, मशीन गुमान चालू लागलं.

एसी रात्री बंद करत असाल तर तेही बघा. अर्ध्या मीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा भाग चार अंशांनी तापला की जवळपास ०.०५ मिलिमीटर वाढतो, तुमचा ०.०१ तिथेच संपला. आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता मानकाखाली नव्या प्रक्रियेचं व्हॅलिडेशन, म्हणजे ती दरवेळी बरोबर माल देते हे चाचण्यांनी सिद्ध करणं, बहुधा करावं लागेल, त्याचे महिने हिशेबात धरा.

आजपासून महिनाभर बाजूला टाकलेले भाग कॅव्हिटी नंबरप्रमाणे डब्यांत साठवा. तो माल आणि रोजचा चांगला माल, दोन्ही घेऊन रोबोटवाल्याकडे जा, आणि पैसे देण्याआधी तेच भाग समोर चालवून दाखवायला सांगा.