दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना

'मस्त', 'कडक' एवढ्यावर मोकळा होऊ नकोस. समोरचा खूश होतो, पण शिकत काही नाही. कासच्या फुलाचा फोटो असेल, तर आधी नजर कुठं गेली ते सांग. मग नेमकं बोल: फूल वाऱ्यानं हललंय, शटर १/६० सेकंदाऐवजी १/२५० सेकंद उघडं ठेवून बघ. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, वाढू दे, फोटोत थोडे दाणे आले तरी परवडतात. ठोसेघरच्या धबधब्याचं पाणी मात्र कुणी मुद्दाम अर्ध्या सेकंदात धूसर केलेलं असतं, म्हणून 'काय दाखवायचं होतं?' हे आधी विचार. मी न विचारताच एकाला अजिंक्यताऱ्याच्या फोटोत क्षितिज तिरकं म्हणून चारचौघांत झापलं. पोरगं दोन महिने फिरकलं नाही. हां, फुलं तुडवून काढलेला फोटो दिसला, तर तिथं गोड बोलत बसू नकोस.