धरणाला माशांची शिडी असली तर पिल्लांना खाली यायला अडचण कसली?

तुमचं म्हणणं असं, की शिडी, म्हणजे धरणाच्या बाजूने पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट, बांधली की मोठे मासे चढून वर जातात आणि पिल्लं काय, प्रवाहाबरोबर आपोआप खाली येतात. मग धरणाने बिघडतं काय? बिघडतं ते या ‘आपोआप’मध्येच.

मी अमेरिकेत पोर्टलंडला राहतो. घरचं कोणी आलं की कोलंबिया नदीवरचं बॉनव्हिल धरण दाखवायला नेणं ठरलेलं. धरण १९३८ चं. तिथे तळघरात शिडीच्या पाण्याला लागून एक मोठी काच आहे. हिरवट पाण्यात सॅमन, म्हणजे समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत परतणारे मासे, जोर लावून पुढे सरकतात आणि मधूनच एखादा सापासारखा लांबट लॅम्प्री तोंडाने काचेला चिकटून दम खात बसतो. माझे बाबा रोह्याकडचे. बघून म्हणाले, “ही तर आपली वलगण!” पहिल्या पावसात शेतातून चढणीचे मासे धरलेला माणूस तो. मग पाच मिनिटं गप्प राहून म्हणाले, “चढतात ते दिसलं. पिल्लं उतरतात कुठून रे?”

शिडीतून फारशी उतरत नाहीत. बोटुकली, म्हणजे बोटाएवढं झालेलं पिल्लू, जिकडे मोठा प्रवाह तिकडे जाते, बऱ्याचदा शेपटी पुढे आणि तोंड वरच्या बाजूला ठेवून. शिडीत सोडलेलं पाणी म्हणजे नदीच्या मानाने एक धार. मोठा प्रवाह जातो वीज बनवणाऱ्या टर्बाइनकडे, नाहीतर सांडव्यावरून. टर्बाइनमध्ये पात्याचा फटका बसतो हे कोणालाही सुचेल, पण दाबाचं प्रकरण जास्त वाईट. खोल पाण्यातला दाब पात्यांपाशी क्षणात उतरतो आणि माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी फुटते. सांडवा त्यापेक्षा बरा, म्हणून तर २००५ मध्ये तिथल्या न्यायालयाने उन्हाळ्यातही सांडव्यावरून पाणी सोडायला लावलं. पण उंचावरून कोसळताना पाण्यात हवा जास्त विरघळते, ती प्रमाणाबाहेर गेली की माशांच्या रक्तात बुडबुडे धरतात. तिसरी वाट म्हणजे टर्बाइनच्या तोंडाशी जाळ्या लावून पिल्लं बाजूच्या नळात वळवायची. त्यातली काही चक्क बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या बोटीत, भरून शेवटच्या धरणाखाली नेऊन सोडतात. नदीतल्या माशाला बोटीतून नदी पार करवायची!

इथे २००८ पासून सरकारी कसोटी अशी होती, की वसंतातल्या १०० बोटुकल्यांपैकी ९६ तरी प्रत्येक धरणातून जिवंत पार व्हाव्यात. ऐकायला झकास. पण आयडाहो राज्यातून स्नेक या कोलंबियाच्या उपनदीने येणाऱ्या पिल्लाला समुद्रापर्यंत आठ धरणं लागतात. ९६ टक्के आठ वेळा लावून बघा, ७२ उरतात. तेही सगळीकडे कसोटी पूर्ण झाली तर, आणि हा हिशोब फक्त भिंतींचा.

भिंतीपेक्षा मला फुगवटा, म्हणजे भिंतीमागे तुंबलेलं पाणी, जास्त खटकतो. स्नेकच्या खालच्या टप्प्यातलं चौथं धरण १९७५ मध्ये झालं आणि तो पट्टा एकाला एक लागून तळ्यांची माळ झाला. वितळत्या बर्फाचं पाणी पूर्वी पिल्लाला ढकलत न्यायचं, आता त्याला संथ पाण्यात स्वतः पोहावं लागतं. इकडे त्याचं अंग चंदेरी होऊन खाऱ्या पाण्यासाठी तयार होत असतं आणि ही तयारी ठराविक दिवसच टिकते. वाटेत पाणी तापतं, पाइकमिनो नावाचे खादाड मासे टपलेले असतात. ते पाइकमिनो पकडून आणणाऱ्याला माशामागे रोख बक्षीस मिळतं. गळ टाकून त्यावर चांगली कमाई करणारी माणसं आहेत इथे.

सॅमनची बोटुकली निदान पोहते तरी. मिसुरी नदीतल्या पॅलिड स्टर्जन या मोठ्या माशाचे मत्स्यजिरे, म्हणजे अगदी इवली पिल्लं, अंड्यातून निघाल्यावर नुसते तळालगत वाहतात, साधारण ९ ते १३ दिवस. प्रवाहाच्या वेगाप्रमाणे तेवढ्यात २४५ ते ५३० किलोमीटर होतात. तोवर त्यांना नीट पोहता येत नाही. वर फोर्ट पेक धरण, खाली गॅरिसन धरणाचा सकाकाविया जलाशय. मधली मोकळी नदी बहुतेकांना अपुरी पडते. पोहायला येण्याआधीच ते फुगवट्याच्या तोंडाशी पोचतात आणि तळाला बसतात. तिथे गाळात कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याने प्राणवायू संपलेला असतो. हा मासा पन्नासहून जास्त वर्षं जगतो, त्यामुळे धरणं झाल्यावरही नदीत मोठे मासे दिसत राहिले आणि नवी पिढी येतच नाही हे उशिरा कळलं. कोकणातल्या काही वाड्यांसारखं, घरं उघडी पण आत सगळे सत्तरीचे. १९९० मध्ये त्याची नोंद धोक्यातल्या जातींत झाली.

त्याच पट्ट्यात मिसुरीला येऊन मिळणाऱ्या यलोस्टोन नदीवर इनटेक नावाचा जुना बंधारा आहे. २०२२ मध्ये त्याला वळसा घालणारा कालवा माशांसाठी खुला केला. म्हणजे शेवटी चढायचीच वाट, तुमची शिडी म्हणा. पण ती बांधली खाली येणाऱ्यांसाठी: माद्यांनी आणखी वर जाऊन अंडी घातली, तर जिऱ्यांना वाहायला तेवढी जास्त नदी मिळेल. त्याच वर्षी काही स्टर्जन त्या कालव्यातून वर गेलेही.