नऊचा गाईड की एकतीसचा?

तुमचा प्रश्न असा: इन्फॉर्मेशन सिस्टिम्समध्ये पीएच.डी. करायची आहे, गोव्यात दोन गाईड मिळण्यासारखे आहेत. एकाचा एच-इंडेक्स 9, दुसऱ्याचा 31. मग संशोधनाचा प्रभाव जास्त कुणाचा?

मी फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. नॅकची, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेची, टीम यायची झाली की एरवी वाचनालयात न फिरकणारे प्राध्यापकही माझ्या टेबलाशी उभे राहायचे, "माझा आकडा तेवढा काढून द्या." या आकड्यांशी माझी ओळख जुनी आहे, आदर बेताचाच.

31 म्हणजे या माणसाचे 31 लेख असे आहेत, की त्यातल्या प्रत्येकाचा इतरांनी किमान 31 वेळा संदर्भ दिलाय. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये ही युक्ती सुचवली. हा आकडा वयाबरोबर चढतो, उतरत कधीच नाही. तेव्हा आधी दोघांनी कामाला सुरुवात कधी केली ते पाहा. आकडा कुठून घेतलाय तेही विचारा. गूगल स्कॉलर प्रबंधापासून सगळं मोजतं, स्कोपस ही लेखांची सूची निवडून घेतलेलं साहित्यच मोजते, त्यामुळे एकाच माणसाचे दोन आकडे निघतात.

गोव्यात आणखी एक घोळ होतो, आडनावांचा. नाईक, गावकर, फर्नांडिस किती! आमच्या कॉमर्सच्या एका सरांच्या स्कॉलर पानावर समुद्री शेवाळावरचे तीन लेख चढले होते. दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्था असल्यामुळे इथे तसले लेख भरपूर, आणि आद्याक्षरं जुळली. मी सरांना दाखवलं, तर ते काढून टाकायची त्यांना काही घाई दिसली नाही. म्हणून ऑर्किड क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असलेलं पान असेल तर ते आधी बघा.

आता तुमच्या विषयाकडे येतो. या क्षेत्रात सर्वांत जास्त संदर्भ दिल्या जाणाऱ्या लेखांपैकी एक आहे फ्रेड डेव्हिस यांचा, एमआयएस क्वार्टर्ली या विषयातल्या मानाच्या नियतकालिकातला, 1989 चा. माणूस नवी संगणकप्रणाली का स्वीकारतो? ती उपयोगाची वाटते म्हणून आणि वापरायला सोपी वाटते म्हणून. डेव्हिसनी हे नुसतं म्हटलं नाही, दोन्ही गोष्टी मोजायला सहा-सहा विधानांच्या दोन तयार पट्ट्या दिल्या. त्या लेखाचं नशीब उघडलं ते या पट्ट्यांमुळे, असं माझं मत. जगभरच्या विद्यार्थ्यांना आयती प्रश्नावली मिळाली. आणि गंमत बघा, हजारो संदर्भ असलेला हा लेख एच-इंडेक्समध्ये भर घालतो फक्त एकाची.

हीच प्रश्नावली घेऊन आमचा एक विद्यार्थी यूपीआयवर प्रकल्प करायला म्हापशाच्या बाजारात गेला होता. मासळीवाल्या बाईला विचारलं, "हे उपयोगाचं वाटतं का, एक ते पाच गुण द्या." ती म्हणाली, "गिरायक तशेंच दितात, आमी कितें करप?" क्यूआर कोड तिच्या मुलाच्या खात्याचा. पैसे तिच्या हातात येतच नव्हते, तर सोपं की अवघड हा प्रश्न तिला लागू कसा व्हायचा? विद्यार्थ्याने चार गुण लिहून पुढच्या मासळीवालीची पाटी गाठली. तसे व्यंकटेश या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये, डेव्हिसचं धरून, आठ प्रतिमानं (मॉडेल्स) एकत्र करून नवं मांडलं, त्यात आजूबाजूच्यांचा दबाव आणि वापर ऐच्छिक आहे की नाही, या दोन्ही गोष्टी आल्या. पण प्रकल्पात त्यांचं नाव नुसतं कंसात होतं. संदर्भ म्हणून मात्र तो एक मोजला गेलाच असता.

याच्या उलट उदाहरण ओस्लो विद्यापीठाच्या यॉर्न ब्रा यांचं. वर्णभेद संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत आरोग्य केंद्रांची माहिती गोळा करण्याच्या कामात ते उतरले. कुठली केंद्रं किती लसी देतात, किती बाळंतपणं होतात, हे त्या केंद्रातल्या परिचारिकेलाच समजेल आणि कामाला येईल अशा बेताने. त्यातून डीएचआयएस ही प्रणाली उभी राहिली. तिचं दुसरं रूप मुक्त स्रोताचं, म्हणजे कुणीही घेऊन बदलून वापरावं असं, आहे आणि आज कितीतरी देशांची सरकारी आरोग्य खाती ते वापरतात. 2020 च्या सुरुवातीला श्रीलंकेने कोविडसाठी प्रवाशांची नोंद याच प्रणालीवर सुरू केली. ब्रा, माँतेरो आणि सुंदीप सहाय यांचा 2004 चा लेखही एमआयएस क्वार्टर्लीतच आहे. त्यांनी म्हटलंय की एका ठिकाणचा सुटा प्रयोग टिकत नाही, अनेक ठिकाणांचं जाळं हवं, एकमेकांकडून शिकणारं. संदर्भांच्या मोजणीत हा लेख डेव्हिसच्या पुढे कुठेच नाही. पण एखाद्या आरोग्य केंद्रात महिन्याचा तक्ता भरला जातो, तो एच-इंडेक्समध्ये कुठे धरणार?

म्हणून माझं ऐकाल तर एक दुपार काढा. दोघांचे सर्वांत गाजलेले तीन-तीन लेख घ्या आणि त्यांचा संदर्भ देणारे दहा-दहा लेख उघडा. नाव प्रस्तावनेतल्या कंसात आलंय, की त्याच्या कल्पनेवर पुढचं काम उभं आहे, की कुणी त्याच्याशी भांडलंय? भांडण असेल तर मी जास्त गुण देईन. स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वजा करा. या विषयात चांगल्या नियतकालिकात एक लेख छापून यायला दोन-तीन वर्षं सहज जातात, हेही लक्षात ठेवा. 9 वाल्याचे लेख मोजके असून तिथले असतील तर तो कमी नाही.

मग शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जाऊन दोघांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढा. परिशिष्टातली प्रश्नावली आधी वाचा. समजा पाच निघाले आणि पाचही प्रबंधांत तीच पट्टी, फक्त यूपीआयच्या जागी मोबाइल बँकिंग आणि पुढे ई-लर्निंग असं दिसलं, तर सहावा प्रबंध तुमचा असेल.